बुडालेल्या बोटी, चाललेल्या बोटी

आगबोटींवर काही लिहितो आहे असे एका मित्राला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “लोणारच्या तळ्यात सोडतं काय बाप्पा बोट?” त्याचे हसणे रास्त होते. बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खामगावहून मुंबई रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडते आणि माझ्या पिढीतल्या अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, जहाजांवर नोकरी केलेली नाही. दुकान सांभाळून, सुट्टीच्या दिवशी वाचनालयांतून आणि जुन्या गॅझेटियरांतून जे हाती लागले, त्यावर हा लेख उभा आहे.

तरीही हा विषय आपल्या जिल्ह्याचा आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याहून पुढचे म्हणणे असे की, महाराष्ट्राने आगबोटीची आठवण चुकीच्या टोकाने धरून ठेवली. बोट बुडाली की आपण तिला जपतो. ती चालत असते, माणसे आणि माल वाहत असते, तेव्हा तिच्याकडे आपले लक्ष नसते. आणि ती थकून धक्क्याला लागली की थेट मोडीत जाते. या सवयीची किंमत आपण गेल्या बारा वर्षांत दोनदा मोजली आहे.

खामगावची गठाण

मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. जलंब ते खामगाव या नव्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. फाट्याची लांबी जेमतेम आठ मैल. एवढ्याशा लोहमार्गासाठी हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी वऱ्हाडात का यावा? कारण खामगावची कापसाची पेठ. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि इंग्लंडची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर खिळली. युद्ध संपले, तरी ती नजर हटली नाही.

हा प्रसंग आपल्याकडे ‘रेल्वे आली’ एवढ्यावर संपतो. पण त्याच्या आगेमागे चार महिन्यांत आणखी दोन गोष्टी घडल्या होत्या. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. आणि फेब्रुवारी १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ ही त्या वेळची जगातली सर्वांत मोठी आगबोट मुंबईहून एडनच्या दिशेने समुद्रतळाशी तारेची केबल टाकत निघाली. उन्हाने पोटातली केबल तापू नये म्हणून तिला पांढरा रंग दिला होता. कालवा, केबल आणि जलंबचा फाटा हे तिन्ही एकाच साखळीचे दुवे होते. ती साखळी खामगावच्या कापूस बाजारातून निघून लिव्हरपूलच्या धक्क्यावर संपत होती.

त्याआधी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून शेकडो मैल दूर गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून नावेने कलकत्त्याला. वाटेत पाऊस, धूळ, चोरी, सडणे हे सारे सोसून जे उरेल ते जहाजावर चढे. नंतर मुंबईचा रस्ता झाला, पण मुंबईहून पुढे शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात. वारा पडला की प्रवास लांबला.

आगबोटींनी हे एका दिवसात बदलले नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. मुंबईच्या गोदीत नौरोजी जमशेटजी वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझला निघाली आणि महिन्याहून थोड्या अधिक काळात पोचली. पराक्रम मोठा, पण तिने इतका कोळसा घेतला होता की प्रवाशांच्या जागेतही कोळसाच भरावा लागला. जी बोट स्वतःचे इंधनच वाहते, ती कापूस काय वाहणार? तीस-पस्तीस वर्षे आगबोटीचे हेच दुखणे होते. टपाल, अधिकारी आणि सोनेनाणे तिच्यातून जाई. जाडाभरडा माल शिडावर.

उपाय इंजिनात सापडला. लिव्हरपूलच्याच अल्फ्रेड होल्टने १८६०च्या दशकाच्या मध्यात लांब पल्ल्याच्या बोटींवर संयुक्त इंजिन वापरले. या इंजिनात बॉयलरची वाफ आधी लहान, जास्त दाबाच्या सिलिंडरमध्ये काम करते आणि तिथून बाहेर पडल्यावर मोठ्या, कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये पुन्हा काम करते. एकाच वाफेकडून दोनदा मजुरी घेतली की कोळसा कमी लागतो आणि पोटात मालाला जागा उरते. त्यात सुएझने मुंबई-इंग्लंड अंतर साधारण चाळीस टक्क्यांनी तोडले. तांबड्या समुद्रातले वारे शिडाच्या जहाजांना सोयीचे नव्हते, म्हणून कालव्याचा खरा लाभ आगबोटीलाच झाला.

आता खामगावकडे परत या. शेतकऱ्याची बैलगाडी बाजारात येते. कापूस जिनात जातो, सरकी वेगळी होते, वाफेच्या दाबयंत्राखाली रुईची घट्ट गठाण बांधली जाते. ही गठाण एवढी घट्ट कशासाठी? बोटीच्या पोटातली जागा महाग म्हणून. आपल्या गावातल्या दाबयंत्राचा जोर किती असावा, हे समुद्रावरच्या भाड्याने ठरवले होते. आणि लिव्हरपूलचा भाव तारेने खामगावला कळू लागला, तसा भाव पडल्याची बातमीही तितक्याच वेगाने येऊ लागली. वऱ्हाडचा शेतकरी परदेशातल्या बाजाराशी बांधला गेला तो याच वाफेने. त्याची फळे आणि त्याचे चटके आपण अजून मोजतो आहोत.

पैनगंगेच्या पाण्यावरचे स्वप्न

आणखी एक प्रकरण आपल्या अधिक जवळचे आहे आणि जवळजवळ विसरले गेले आहे. पैनगंगा बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. या पाण्यावरून थेट आगबोटी चालवून वऱ्हाड-नागपूरचा कापूस पूर्व किनाऱ्यावर न्यावा, अशी योजना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात खरोखर आखली गेली आणि तिच्यावर वर्षानुवर्षे काम झाले.

योजनेमागची प्रेरणा सर आर्थर कॉटन यांची. गोदावरीवर धवळेश्वरमचे धरण बांधणारे हे अभियंते रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त, या मताचे होते. वरच्या गोदावरीचे काम कॅप्टन हेग यांच्याकडे होते. अडचण होती तीन खडकाळ टप्प्यांची: पहिला दुम्मागुडेमपाशी, दुसरा एंचमपल्लीपाशी आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीपाशी. तिथे बंधारे, कालवे आणि बोटी वरखाली करण्याची दारे बांधून अडथळा ओलांडायचा, असा बेत होता. खालच्या टप्प्यात आगबोटी धावल्याही. पण उन्हाळ्यात नदी आटते, जंगलात हिवतापाने मजूर आणि अधिकारी दोघेही आडवे होतात, आणि तोवर १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचलेली. १८७१ मध्ये काम थांबवण्यात आले.

गडचिरोलीच्या बाजूला त्या कामाच्या खुणा शोधायला कुणी जात नाही. आपल्या शालेय इतिहासात तर तिचा उल्लेखही मला आढळला नाही. हे अपयश होते, म्हणून वगळले असेल का? मला तसे वाटत नाही. बोट बुडून माणसे मेली असती, तर ती लक्षात राहिली असती. ही बोट फक्त चालली आणि मग बंद पडली.

बुडण्याची स्मृती

आता समुद्राकडे. मराठीत आगबोटींवर जे लेखन दरवर्षी छापले जाते, त्यात मोठा वाटा ‘रामदास’चा असतो. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावस्येच्या आसपास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिना उरला होता. त्याआधी १८८८च्या नोव्हेंबरमध्ये ‘वैतरणा’ ही बोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत आणि तिचा शोक गुजराती लोकगीतांत आजही गायला जातो.

या आठवणी जपल्या, हे चांगलेच झाले. अलिबाग, रेवस, उरणच्या घराघरांत गेलेली ती माणसे आहेत. माझा आक्षेप आठवण जपण्याला नाही. पण ‘रामदास’वरचे बहुतेक लेख वाचून त्या बोटीविषयी काय कळते? ती किती वाजता निघाली, लाट कुठून आली, कोण पोहून वाचले. ती बोट त्याआधी अकरा वर्षे रोज कोणाला आणि काय घेऊन जात होती, तिच्या भट्टीपुढे कोण उभे असे, तिकीट किती, भाजीच्या पाट्या कुठे ठेवत, हे कळत नाही. बोट जणू त्या एका दिवसासाठीच जन्मली होती.

‘रामदास’ ज्या कंपनीची होती, तिचे लोकांमधले नाव ‘माझी आगबोट कंपनी’. परक्या मालकीच्या कंपनीला उत्तर म्हणून सहकारी तत्त्वावर उभ्या राहिलेल्या या कंपनीला लोकांनी ‘माझी’ म्हटले, हा मराठी आर्थिक इतिहासातला किती मोठा धडा! साखर कारखान्यांच्या सहकारावर आपल्याकडे ग्रंथांच्या राशी आहेत. समुद्रावरच्या सहकारावर लिहिताना मात्र लेखणी थेट काशाच्या खडकावर जाऊन आपटते.

दुसरे टोक आहे शौर्याचे. शिवाजी महाराजांचे आरमार, कान्होजी आंग्रे आणि मग एकदम १९७१चे युद्ध. मधली दीडशे वर्षे, ज्यात कोकणचा चाकरमानी शिमग्याला बोटीने गावी गेला, ज्यात किनाऱ्यापासून दूर उभ्या बोटीपर्यंत होडीतून पोचताना बायकामाणसांची तारांबळ उडाली, ज्यात ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग भाषेत रुजला, ती दीडशे वर्षे आपण ललित लेखांतल्या हळव्या आठवणींवर सोडून दिली. त्यात बंदराची संध्याकाळ असते, भोंगा असतो. आगवाला नसतो, तेलवाला नसतो, सारंग क्वचित असतो.

‘लॉयल्टी’चे उदाहरण घ्या. ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतली होती आणि कंपनीचे ‘सिंदिया’ हे नावही तिथूनच आले. परकीय मक्तेदारीविरुद्ध उचललेले हे पाऊल एवढे मोलाचे मानले गेले की ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून साजरा होतो. बोट मात्र १९२३ मध्येच मोडीत निघाली. तिचे वय झाले होते, कंपनीला पैसा हवा होता. त्या काळात तिला कुणी जपावे ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. पण शंभर वर्षांनंतर आपल्यापाशी पैसाही होता, कायदाही होता आणि दोन बोटीही होत्या.

वाफेवरची ‘विक्रांत’

शतकाच्या सुरुवातीला एका सहलीत मी ‘विक्रांत’ पाहिली. वऱ्हाडातून गेलेली आम्ही पंचवीस-तीस माणसे. खालच्या मोठ्या दालनात विमाने ठेवलेली, भिंतींवर युद्धाची छायाचित्रे. वर धावपट्टीवर उभे राहिल्यावर आमच्यातला एक शेतकरी म्हणाला, “दोन एकर तं सहज असन.” मी बॉयलरच्या खोलीविषयी विचारले. तिकडे प्रवाशांना नेत नाहीत, असे उत्तर मिळाले. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण त्या जहाजाचा प्राण तिथेच होता.

‘विक्रांत’ ही वाफेवर चालणारी नौका होती, ही गोष्ट तिच्यावरच्या लेखांत फार थोडी येते. तिची बांधणी इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धात ‘हर्क्युलीस’ नावाने सुरू झाली, १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, १९५७ मध्ये भारताने घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. बॉयलरमध्ये वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर पंखे. विमानांना धावपट्टीवरून भिरकावणारे यंत्रही वाफेचे. १९७१च्या आधी तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते. दुरुस्तीला वेळ नव्हता, आणि पूर्ण वेग न घेता, जपून चालवत ती बंगालच्या उपसागरात उतरवण्यात आली. तिथून उडालेल्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावची बंदरे ठोकली. वैमानिकांना मिळालेला मान योग्यच आहे. पण तडकलेल्या बॉयलरशेजारी, ती फुटते की काय या धास्तीत, उकाड्यात काम करणारे जे खाली होते, त्यांची खोली संग्रहालयात दाखवता आली नाही. संग्रहालय झाले ते विमानांचे. आगबोट तळाशीच राहिली.

३१ जानेवारी १९९७ रोजी ‘विक्रांत’ निवृत्त झाली. पुढे संग्रहालय म्हणून ती पाण्यातच उभी राहिली. कुलाब्याजवळ ऑयस्टर रॉकपाशी तिला कायमची बसवण्याचे बेत झाले आणि विरले. लोखंड खाऱ्या पाण्यात उभे ठेवले तर ते खंगते. चालत्या जहाजाला ठरावीक काळाने कोरड्या गोदीत नेऊन तळ खरवडतात, रंगवतात. थांबलेल्या जहाजाला ते नशिबी येत नाही. २०१२ मध्ये धोकादायक म्हणून दारे बंद झाली. लिलावात सुमारे ६० कोटींना ती विकली गेली. प्रकरण उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात गेले, पण २०१४च्या अखेरीस मुंबईच्याच दारूखान्यात तिच्यावर गॅसकटर चालू लागले.

लोक हळहळले ते तेव्हा. वर्गणी काढा, सह्या करा, मोर्चा काढा. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपण शाळेत शिकतो ती वापरायला. पंधरा वर्षे ती मुंबईत उभी होती. त्या पंधरा वर्षांत तिच्या तळाची काळजी कोणी आणि कशाच्या बळावर घ्यायची, यावर मराठीत किती लेख आले? पुढे तिच्या पोलादाचा अंश घालून मोटारसायकल बाजारात आली आणि २०२२ मध्ये कोचीत नवी ‘विक्रांत’ दाखल झाली. नाव राहिले.

‘विराट’ची गोष्ट याहून शिकवणारी आहे. तीही वाफेचीच. इंग्लंडच्या नौदलात ‘हर्मिस’ म्हणून १९५९ पासून, १९८७ पासून आपल्याकडे, मार्च २०१७ मध्ये निवृत्त. ‘विक्रांत’चा धडा ताजा होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय आणि सागरी साहस केंद्र उभारायला मान्यता दिली. आराखडा ८५२ कोटींचा. पुढे काय झाले? सप्टेंबर २०२० मध्ये ती मुंबईहून ओढत अलंगला नेली गेली. भंगार म्हणून तिची किंमत आली साडेअडतीस कोटींच्या आसपास.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. अनेकांनी यावरून सरकारच्या उदासीनतेवर टीका केली. मला वाटते, दोष उदासीनतेचा कमी आणि भव्यतेच्या हौसेचा अधिक. ८५२ कोटींच्या स्वप्नाला गुंतवणूकदार हवा, गुंतवणूकदाराला नफा हवा, नफ्याला हॉटेल हवे. या रांगेत जहाज शेवटी उभे राहते. दोनशे मीटरहून लांब पोलादाचा डोंगर वाचवणे श्रीमंत देशांनाही जड जाते. मग आपण नेमके तेच आधी का निवडतो? कारण लहान बोट वाचवण्यात उद्घाटनाचा मान नाही.

आता निवतीजवळच्याच समुद्रात तिसरा प्रयोग योजला आहे. २०२४ मध्ये निवृत्त झालेली नौदलाची ‘गुलदार’ ही नौका तळाशी नेऊन ठेवायची, तिच्यावर प्रवाळ आणि मासे येऊ द्यायचे आणि पर्यटकांनी पाण्याखाली जाऊन ती पाहायची. स्थानिकांना रोजगार मिळत असेल, तर मी या योजनेला वाईट म्हणणार नाही. पण तिला संग्रहालय म्हणताना शब्द जपून वापरावा. जी बोट आपण वर ठेवू शकलो नाही, ती बुडवून पाहणार आहोत. बुडालेली बोटच आपल्याला प्रिय, हे माझे म्हणणे इतके शब्दशः खरे ठरेल असे वाटले नव्हते.

वाचलेल्या बोटी

मग जगात बोटी वाचतात कशा? चार-पाच उदाहरणे पुरेत.

‘ग्रेट ईस्टर्न’ ज्या ब्रुनेलची, त्याचीच ‘ग्रेट ब्रिटन’. १८४३ मध्ये ब्रिस्टलला पाण्यात उतरलेली ही लोखंडी, पंख्यावर चालणारी बोट फॉकलंड बेटांवर टाकून दिली होती. १९७० मध्ये तिला तरत्या तराफ्यावर चढवून अटलांटिकपार ओढत आणले आणि ज्या कोरड्या गोदीत ती जन्मली, त्याच गोदीत ठेवले. तरीही लोखंडात मुरलेले मीठ तिला खात होतेच. म्हणून पाण्याच्या रेषेवर काचेचे छत बसवून खालची हवा यंत्रांनी वाळवंटासारखी कोरडी ठेवतात. ओल एका मर्यादेखाली गेली की गंज थांबतो. त्यांनी बोट वाचवली ती या यंत्रांचा रोजचा खर्च कबूल करून. मोठी बहीण ‘ग्रेट ईस्टर्न’ १८८९-९० मध्ये फोडली गेली. तिचा एक डोलखांब लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड फुटबॉल मैदानावर ध्वजस्तंभ म्हणून उभा आहे. खामगावची रुई ज्या शहरात उतरे, त्याच शहरात मुंबईहून केबल नेणाऱ्या बोटीचा हा एक तुकडा उरला आहे.

स्कॉटलंडची ‘वेव्हर्ली’ ही दोन बाजूंना चाके असलेली आगबोट १९७४ मध्ये मालकांनी हौशी लोकांच्या संस्थेला एका पौंडाला दिली. ती संग्रहालयात उभी केली नाही. प्रवासी घेऊन ती अजून समुद्रात जाते. तिकिटातून डागडुजी होते आणि इंजिन जाणणारी माणसे तयार होत राहतात.

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानात बांधलेली, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे आणि तरंगते आहे. मुंबईच्या कारागिरांचे काम पाहायचे तर मुंबईकराने तिकडे जावे, अशी ही अवस्था.

ही सगळी श्रीमंतांची उदाहरणे, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. विशाखापट्टणमने ‘कुरसुरा’ ही निवृत्त पाणबुडी समुद्रातून ओढून किनाऱ्यावर काँक्रीटच्या बैठकीवर ठेवली आणि २००२ मध्ये लोकांना खुली केली. ती नव्वद मीटरच्या आसपासची, आणि पाण्याबाहेर असल्याने तळाचे दुखणे उरले नाही. कोलकात्यात ‘भोपाळ’ नावाची जुनी चाकांची आगबोट बंदराने एका खासगी चालकाच्या मदतीने दुरुस्त करून पुन्हा उभी केली. आवाक्यातली बोट, ठरलेली जागा, रोजच्या खर्चाची सोय आणि यंत्र जाणणारा माणूस: वाचलेल्या प्रत्येक बोटीमागे या चार गोष्टी दिसतात. भावना या यादीत पाचवी.

भोंग्याचे काय झाले

हे सारे मला का टोचते, ते सांगून थांबतो.

माझे वडील एका जिनात फिटर होते. त्या जिनात वाफेचे जुने इंजिन होते. माझ्या लहानपणी ते क्वचितच चाले, वीज आली होती. पण हंगाम सुरू होताना वडील त्याचे पितळ पुसत आणि एकदा वाफ भरून भोंगा वाजवत. भोंग्यावर गावात घड्याळे लावली जात. सिलिंडर, सरकती झडप, वेग आवरणारे दोन फिरते गोळे यांची नावे मला त्यांनी शिकवली. पुढे कितीतरी वर्षांनी आगबोटीच्या इंजिनाचे चित्र पुस्तकात पाहिले तेव्हा मला ते ओळखीचे वाटले. तीच वाफ, तोच कोळसा, तीच जात. फरक एवढाच की एक जमिनीवर बसून गठाण दाबत होते आणि दुसरे ती गठाण समुद्रापार नेत होते.

एका वर्षी दिवाळीआधी ते इंजिन भंगारात गेले. मालकाचा दोष धरत नाही; जिन तोट्यात होते, कामगारांचे पगार थकले होते आणि लोखंडाला भाव होता. वडील त्या दिवशी कामावर गेले नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होतो. एक छायाचित्र काढावे, एवढेही सुचले नाही. भोंगा तरी मागून आणायला हवा होता. तो गेल्यावर मी आठवणी लिहायला घेतल्या, म्हणजे ज्या सवयीवर वर एवढी टीका केली, ती माझ्या घरचीच आहे.

म्हणून भव्य योजना मागण्यापेक्षा लहान कामे मागतो. कोकणात बोटींवर आगवाला, तेलवाला, सुकाणी म्हणून राबलेली म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांच्याकडून कामाची माहिती, शब्दांसकट, नोंदवून घ्यावी. भाऊचा धक्का आणि गेटवेवरून सुटणाऱ्या जुन्या लाकडी लाँचपैकी एखादी, ती चालू असतानाच, निवडावी आणि तिच्या डागडुजीची सोय करावी. गडचिरोलीत प्राणहितेकाठी त्या जुन्या जलमार्गाच्या खुणा शोधून तिथे एक साधा फलक लावावा. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये मुंबईत सागरी इतिहासासाठी संस्था काढली, तशी नजर जिल्ह्याजिल्ह्यातल्या इतिहास मंडळांनी ठेवावी. आणि आपल्या वऱ्हाडात, खामगाव, मलकापूर, शेगाव, अकोट, कुठेही एखाद्या बंद जिनाच्या कोपऱ्यात वाफेचे इंजिन किंवा बॉयलर उभा असेल, तर वाचकांनी निदान त्याची मापे, त्यावरची बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी आणि एक छायाचित्र घेऊन ठेवावे. ओतीव लोखंडाच्या त्या पट्टीवर बहुधा इंग्लंडच्या एखाद्या गावाचे नाव असेल. ते इंजिनही आगबोटीच्या पोटातूनच इथवर आले होते.

मित्राच्या प्रश्नाला एवढे उत्तर देता येईल. लोणारच्या तळ्यात सोडायला बोट नाही. पण खामगावच्या जुन्या जिनाच्या आवारात, जिथे वडील पितळ पुसत, तिथे चार बोल्टांची एक दगडी बैठक अजून आहे. गेल्या महिन्यात जाऊन मी तिची मापे घेतली.